पेन स्टेट प्रकरण आणि ग्रँड ज्युरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल विभागातल्या जेरी सँडस्की प्रकरणाबद्दल येणारे बहुतेक प्रश्न एकाच गोंधळातून येतात. ग्रँड ज्युरीने काय केलं आणि कोर्टाने काय केलं, यांची सरमिसळ होते. ती सुटली की पुढचं बरंच आपोआप समजतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे. विषय लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा आहे, त्यामुळे त्याचे तपशील समजण्यापुरतेच दिले आहेत.

प्रश्न १. हे प्रकरण थोडक्यात काय आहे?

सँडस्की हे पेन स्टेटच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे अनेक वर्षं सहप्रशिक्षक होते. १९९९ मध्ये ते निवृत्त झाले, पण विद्यापीठाच्या इमारतींत त्यांची ये-जा चालूच राहिली. १९७७ मध्ये त्यांनी ‘सेकंड माईल’ ही अडचणीतल्या मुलांसाठीची संस्था काढली होती आणि तिथूनच मुलं त्यांच्या हाती लागत गेली. ५ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांना अटक झाली. २२ जून २०१२ रोजी बेलेफाँटच्या कोर्टात ४८ पैकी ४५ आरोपांत ते दोषी ठरले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश जॉन क्लेलंड यांनी ३० ते ६० वर्षांची शिक्षा दिली. २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने तांत्रिक कारणावरून शिक्षा पुन्हा ठरवायला सांगितली, तेव्हाही ती तेवढीच राहिली.

प्रकरणाची दुसरी बाजू आहे ती कळूनही गप्प बसलेल्यांची: क्रीडासंचालक टिम कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनिअर. खाली कायद्याची गुंतागुंत आहे ती मुख्यतः या तिघांबद्दल.

प्रश्न २. ग्रँड ज्युरी म्हणजे नानावटी खटल्यात होती तशीच ज्युरी ना?

नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईत नऊ जणांची ज्युरी बसली होती आणि तिने ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला होता. ती खटला ऐकून निकाल देणारी ज्युरी. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीच्या टप्प्यावर असते. तिच्यापुढे आरोपी नसतो, बचावाचा वकील युक्तिवाद करत नाही, उलटतपासणी होत नाही, ऐकीव पुरावाही चालतो. ती एवढंच बघते की सकृद्दर्शनी गुन्हा घडलेला दिसतो का आणि आरोप ठेवावेत का. आपल्याकडे हे काम पोलिसांचा तपास आणि आरोपपत्र यांत वाटलेलं आहे, त्यामुळे एका शब्दात सांगता येईल असा मराठी पर्याय नाही.

ग्रँड ज्युरीने कोणाला दोषी ठरवलं, असं कुठे वाचलंत तर ते वाक्य चुकीचं आहे. सँडस्कींना दोषी ठरवलं ते बेलेफाँटच्या १२ जणांच्या ज्युरीने, उघड्या कोर्टात आणि एकमताने.

प्रश्न ३. त्या बंद खोलीत नेमकं कोण असतं?

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात तपास करणाऱ्या ग्रँड ज्युरीत २३ सदस्य असतात, शिवाय ७ ते १५ राखीव. कामकाजाला किमान १५ हजर लागतात. सरकारी वकील प्रश्न विचारतात, पण सदस्यही विचारू शकतात. शब्दन् शब्द टिपला जातो. देखरेख करणारा न्यायाधीश शपथ देतो, हक्क समजावतो, तंटे सोडवतो, मात्र साक्ष चालू असताना खोलीत बसत नाही.

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, ग्रँड ज्युरीत साक्षीदाराचा वकील दाराबाहेर थांबतो. पेनसिल्व्हेनियात तो साक्षीदाराच्या शेजारी बसू शकतो. हरकत घेता येत नाही, भाषण करता येत नाही, फक्त आपल्या अशिलाच्या कानात सल्ला देता येतो. प्रश्न ८ मधला सगळा घोळ याच शेजारच्या खुर्चीवरून झाला.

प्रश्न ४. कुठे ‘प्रेझेंटमेंट’ लिहितात, कुठे ‘इंडाइटमेंट’. दोन्ही एकच का?

या प्रकरणातला दस्तऐवज प्रेझेंटमेंट आहे. इंडाइटमेंट म्हणजे खुद्द आरोपपत्र. प्रेझेंटमेंट म्हणजे ‘अमुक व्यक्तींवर अमुक आरोप ठेवावेत’ अशी ग्रँड ज्युरीची लेखी शिफारस. ती मंजूर व्हायला पूर्ण ज्युरीचं बहुमत लागतं, हजर असलेल्यांचं नव्हे. त्यानंतर सरकारी पक्ष रीतसर तक्रार दाखल करतो आणि आरोपीला प्राथमिक सुनावणी मागता येते. सँडस्कींनी १३ डिसेंबर २०११ रोजी ती सोडून दिली. कर्ली आणि शुल्ट्झ यांची तीनच दिवसांनी हॅरिसबर्गमध्ये झाली. तिसरा प्रकार ‘रिपोर्ट’. त्यात आरोपांची शिफारस असेलच असं नाही, व्यवस्थेतल्या त्रुटी सांगितलेल्या असतात.

प्रश्न ५. ज्या तक्रारीवरून हा तपास सुरू झाला ती २००८ ची आणि अटक २०११ ची. एवढा वेळ का लागला?

नोव्हेंबर २००८ मध्ये क्लिंटन काउंटीतल्या एका शाळकरी मुलाने तोंड उघडलं. प्रकरण पेन स्टेट जिथे आहे त्या सेंटर काउंटीच्या सरकारी वकिलांकडे आलं. त्यांनी हितसंबंधांच्या कारणावरून ते मार्च २००९ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे पाठवलं. ते राज्यस्तरीय ३० व्या ग्रँड ज्युरीपुढे गेलं. मार्च २०१० मध्ये प्रेझेंटमेंटचा मसुदाही तयार होता, पण वरिष्ठांना एकाच मुलाच्या शब्दावर खटला उभा करायचा नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये एक ईमेल आला आणि माइक मॅक्वेरी या प्रशिक्षकाचं नाव पुढे आलं. २००१ मध्ये लॉकर रूमच्या शॉवरमध्ये जे दिसलं, ते त्याने सांगितलं.

ग्रँड ज्युरीची मुदत १८ महिने असते, फार तर २४. पहिलीची मुदत संपली की साक्षी वाया जात नाहीत. ३३ व्या ग्रँड ज्युरीने आधीच्या साक्षींच्या नोंदी वाचून काम पुढे नेलं.

या दिरंगाईच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१४ मध्ये आला. राजकीय हेतूचा पुरावा सापडला नाही. पण नेहमीची पोलिसी कामं उशिरा झाली, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. सँडस्कींच्या घराची झडती जून २०११ मध्ये झाली आणि तिथे संस्थेच्या शिबिरांतल्या मुलांच्या याद्या मिळाल्या, काही नावांपुढे खुणा केलेल्या. ही झडती २००९ मध्येही घेता आली असती. त्या दोन वर्षांचा विचार केला की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

प्रश्न ६. प्रेझेंटमेंटमध्ये छापून आलं म्हणजे ते सिद्ध झालं ना?

नाही. ती एका बाजूची मांडणी असते आणि तिच्यात चुका राहतात. याच प्रेझेंटमेंटमध्ये मॅक्वेरीने पाहिलेल्या घटनेची तारीख १ मार्च २००२ दिली होती. ती खरी ९ फेब्रुवारी २००१ निघाली आणि खटल्याच्या तोंडावर, मे २०१२ मध्ये, सरकारी पक्षाला दुरुस्ती करावी लागली. त्याच घटनेतल्या सर्वांत गंभीर आरोपातून ज्युरीने सँडस्कींना मुक्त केलं. त्याच घटनेच्या इतर आरोपांत मात्र दोषी धरलं.

त्यामुळे नोव्हेंबर २०११ चा दस्तऐवज वाचताना जून २०१२ चा निकाल शेजारी ठेवा. प्रेझेंटमेंटमध्ये आठ पीडित आहेत, फक्त क्रमांकाने. दोन जणांबद्दलचे आरोप त्यानंतर डिसेंबरमध्ये जोडले गेले, म्हणून खटल्यात दहा. ‘आठ की दहा’ हा प्रश्न यातूनच येतो.

प्रश्न ७. जो पॅटर्नो यांच्यावर आरोप का ठेवला नाही?

मॅक्वेरीने दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक पॅटर्नो यांना सांगितलं आणि पॅटर्नो यांनी ते कर्ली यांच्या कानावर घातलं. त्या वेळच्या कायद्यात संस्थेतल्या कर्मचाऱ्याने संस्थेच्या प्रमुखाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला सांगितलं की त्याचं कर्तव्य संपत असे, पुढची जबाबदारी वरच्याची. १२ जानेवारी २०११ ची पॅटर्नो यांची साक्ष जेमतेम सात मिनिटांची होती आणि ती मॅक्वेरीच्या सांगण्याशी जुळणारी होती, म्हणून खोट्या साक्षीचाही प्रश्न आला नाही.

कायद्याने सुटले, म्हणजे पुरेसं केलं असा अर्थ होत नाही. त्याच घटनेची पोलिसांत साधी नोंदही झाली नाही. विद्यापीठाने त्यांना ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री काढलं. जानेवारी २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. हा पळवाटेचा कायदा नंतर बदलला, तो प्रश्न १४ मध्ये आहे.

प्रश्न ८. कर्ली आणि शुल्ट्झ यांच्यावर खोट्या साक्षीचा आरोप होता. मग शिक्षा वेगळ्याच गुन्ह्याची कशी झाली?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न आहे.

१२ जानेवारी २०११ रोजी दोघं ग्रँड ज्युरीपुढे आले तेव्हा शेजारच्या खुर्चीवर सिंथिया बॉल्डविन होत्या. विद्यापीठाच्या मुख्य वकील, पूर्वीच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. ‘सोबत वकील आहे का’ या प्रश्नाला दोघांनीही त्यांचंच नाव सांगितलं. बॉल्डविन त्या खोलीत होत्या. मात्र ‘मी विद्यापीठाची वकील आहे, या दोघांची व्यक्तिशः नाही’ हे तिथे कोणीही स्पष्ट केलं नाही. त्यांच्या हिताचं आणि विद्यापीठाच्या हिताचं गणित वेगळं असू शकतं, हे त्यांना कळण्याची सोयच राहिली नाही. राज्याचा कायदा सांगतो की दोन अशिलांचं हित एकमेकांच्या आड येत असेल तर एका वकिलाने ग्रँड ज्युरीत दोघांची बाजू घेऊ नये.

नोव्हेंबर २०११ मध्ये दोघांवर दोन आरोप लागले: खोटी साक्ष आणि अत्याचाराची माहिती न कळवणं. पहिला फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, कमाल सात वर्षं. दुसरा तेव्हा अगदी किरकोळ मानलेला गुन्हा, कमाल ९० दिवस आणि २०० डॉलर दंड. लहान मुलांच्या संरक्षणाचा कायदा मोडल्याची ही किंमत होती, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२०१२ मध्ये जुने ईमेल आणि शुल्ट्झ यांनी कार्यालयात ठेवलेली फाईल तपासापुढे आली. डिसेंबर २०१० मध्येच कागदपत्रांचं समन्स गेलं होतं, तरी ती बाहेर आली नव्हती. फेब्रुवारी २००१ च्या ईमेलमध्ये बाहेर कळवण्याऐवजी सँडस्कींशी बोलण्याचा बेत आहे, आणि स्पॅनिअर यांनी उत्तरात लिहिलं आहे की तो निरोप मानला गेला नाही तर कळवलं नाही म्हणून आपण अडचणीत येऊ, एवढाच धोका. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये बॉल्डविन स्वतः ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला आल्या आणि १ नोव्हेंबरला न्यायाच्या कामात अडथळा आणणं, कट आणि मुलांना धोक्यात टाकणं, असे जादा आरोप लागले. यात स्पॅनिअरही आले.

जानेवारी २०१६ मध्ये राज्याच्या सुपीरिअर कोर्टाने खोटी साक्ष, अडथळा आणि कट हे आरोप रद्द केले. कारण साधं होतं. ज्यांना ते आपला वकील समजत होते, तिने त्यांना स्वतंत्र सल्ला दिला नाही, आणि पुढे तिच्याच साक्षीवर आरोप उभे केले गेले. वकील-अशील गोपनीयता मोडली. उरलं ते मुख्यतः मुलांना धोक्यात टाकणं. मार्च २०१७ मध्ये कर्ली आणि शुल्ट्झ यांनी त्याचा एक मिसडिमीनर स्तराचा, म्हणजे फेलनीपेक्षा हलका, गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली कर्लींना ७ ते २३ महिने, त्यातले तीन तुरुंगात. शुल्ट्झ यांना ६ ते २३, त्यातले दोन तुरुंगात. २०२० मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयाने बॉल्डविन यांना जाहीर ताकीद दिली.

‘ते निर्दोष सुटले’ असं म्हणणारे आणि ‘खोटी साक्ष सिद्ध झाली’ असं म्हणणारे, दोघंही चुकतात. खोट्या साक्षीचा फैसला कधी झालाच नाही.

प्रश्न ९. स्पॅनिअर २०१७ मध्ये दोषी ठरले, मग तुरुंगात २०२१ मध्ये का गेले?

२४ मार्च २०१७ रोजी त्यांना एकाच मिसडिमीनरमध्ये दोषी धरलं गेलं, बाकी आरोपांतून सुटका झाली. शिक्षा ४ ते १२ महिने, त्यातले दोन तुरुंगात. हजर होण्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल २०१९ ला, एका फेडरल न्यायाधीशाने ती रद्द केली. मुद्दा असा होता की कृती २००१ ची आणि लावलेल्या कायद्याचा मजकूर २००७ चा. डिसेंबर २०२० मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. जून २०२१ मध्ये ते सेंटर काउंटीच्या तुरुंगात गेले आणि ५८ दिवसांनी बाहेर आले.

प्रश्न १०. सगळं गुप्त असतं तर मार्च २०११ मध्येच बातमी कशी आली?

गुप्तता सगळ्यांवर सारखी नसते. ज्युरर, सरकारी वकील आणि कर्मचारी बोलू शकत नाहीत, बोलल्यास अवमानाची कारवाई होते. साक्षीदाराला मात्र स्वतःच्या साक्षीबद्दल बोलता येतं, न्यायाधीशाने कारण देऊन बंदी घातली नसेल तर. हॅरिसबर्गच्या ‘पॅट्रियट-न्यूज’मध्ये सारा गॅनिम यांनी ३१ मार्च २०११ रोजी तपासाची बातमी दिली. पुढच्या वर्षी त्यांना आणि त्यांच्या वृत्तपत्राला पुलित्झर मिळालं.

गुप्तता मोडली तर काय होतं, याचं उदाहरण याच राज्यातलं आहे. पुढच्या ॲटर्नी जनरल कॅथलीन केन २०१६ मध्ये एका वेगळ्या प्रकरणातली ग्रँड ज्युरीची माहिती फोडून त्याबद्दल शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरल्या आणि त्यांना १० ते २३ महिन्यांची शिक्षा झाली.

प्रश्न ११. मुलगा तिकडे शिकतो आणि त्याला ग्रँड ज्युरीचं समन्स आलं. काय करायचं?

समन्स म्हणजे आरोप नाही. बहुतेक वेळा साक्षीदार म्हणूनच बोलावतात, आणि एफ-वन व्हिसा असो की एच-वन, नागरिक नाही म्हणून टाळता येत नाही.

पहिल्याच दिवशी समन्सवरचा क्रमांक, तारीख आणि मागितलेल्या कागदांची यादी लिहून काढा. त्या यादीतलं काहीही पुसू नका. फोनमधले संदेश, ईमेल आणि क्लाउडवरचे फोटो यात धरलेले असतात, आणि समन्सनंतर डिलीट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मग स्वतःचा फौजदारी वकील गाठा. विद्यापीठाचा किंवा कंपनीचा वकील ‘मी येतो बरोबर’ म्हणाला तर त्याला थेट विचारा, तुम्ही माझे वकील की संस्थेचे, आणि उत्तर लेखी घ्या. प्रश्न ८ त्यासाठीच एवढा सविस्तर आहे. पैसे नसतील तर पेनसिल्व्हेनियात कोर्ट वकील नेमून देतं.

खोलीत गेल्यावर प्रश्न नीट कळला नसेल तर पुन्हा विचारायला सांगा. ‘आठवत नाही’ हे खरं असेल तरच म्हणा. स्वतःवर बालंट येईल असं वाटलं तर उत्तर न देण्याचा घटनात्मक हक्क आहे. पण न्यायाधीशाने ‘तुमचं हे बोलणं तुमच्याविरुद्ध वापरणार नाही’ असा इम्युनिटीचा आदेश दिला की गप्प बसता येत नाही. गप्प बसल्यास अवमानाखाली तुरुंगवास होऊ शकतो.

प्रश्न १२. ग्रीन कार्ड आहे आणि ज्युरीचं पत्र आलं आहे. जायचं का?

ज्युरर व्हायला नागरिकत्व लागतं. पत्रासोबतच्या प्रश्नावलीत ‘नागरिक नाही’ ही खूण करून मुदतीत परत पाठवा. केराच्या टोपलीत टाकू नका, आणि चुकूनही ‘नागरिक आहे’ असं लिहू नका, त्याचे इमिग्रेशनवर परिणाम होतात. साक्षीदाराचं समन्स असेल तर प्रश्न ११ पाहा.

प्रश्न १३. संघावरची बंदी आणि ६ कोटी डॉलरचा दंड ग्रँड ज्युरीने लावला का? आणि बेपत्ता झालेल्या सरकारी वकिलाचं काय?

दंड ग्रँड ज्युरीचा नव्हे. तो कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने २३ जुलै २०१२ रोजी लावला, मोसमाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांवरच्या चार वर्षांच्या बंदीसह. १९९८ ते २०११ चे विजयही पुसले होते, ते जानेवारी २०१५ मध्ये परत दिले गेले. गुन्हेगारी आकडेवारी आणि सुरक्षेच्या कायद्याखाली शिक्षण खात्याने २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलरचा वेगळा दंड केला.

सेंटर काउंटीचे तेव्हाचे सरकारी वकील रे ग्रिकार यांनी १९९८ मध्ये एका आईच्या तक्रारीवर सँडस्कींविरुद्ध खटला भरला नव्हता. ते एप्रिल २००५ मध्ये बेपत्ता झाले आणि २०११ मध्ये कायद्याने मृत घोषित झाले. त्यांच्या बेपत्ता होण्याचा या प्रकरणाशी संबंध असल्याचा पुरावा पुढे आलेला नाही.

प्रश्न १४. आज असं काही दिसलं तर कोणाला कळवायचं? तिकडे आणि इकडे?

पेनसिल्व्हेनियात ३१ डिसेंबर २०१४ पासून ‘वरिष्ठांना सांगितलं, माझं काम झालं’ हे चालत नाही. शिक्षक, प्रशिक्षक, डॉक्टर अशा कायद्याने बांधील व्यक्तीने आधी स्वतः राज्याच्या चाइल्डलाइनला, १-८००-९३२-०३१३ वर, कळवायचं आणि मग संस्थेच्या प्रमुखाला. फोन केला असेल तर ४८ तासांत लेखी अहवाल द्यायचा. न कळवणं आता मिसडिमीनर आहे, काही परिस्थितीत फेलनी. बांधील नसलेलाही कोणीही कळवू शकतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात, देशात इतरत्र लागू असलेला पॉक्सो कायदाच लागू आहे. कलम १९ प्रमाणे कळवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे, फक्त शिक्षकांवर नाही: स्थानिक पोलिसांकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘मी तर क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं होतं’ हा बचाव इथे नाही. फोन करायचा तर १०९८, चोवीस तास. मुलाचं नाव व्हॉट्सॲपवर, पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख माध्यमांत उघड करणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.